माझ्या नावावरची उदासी

सरकारी दप्तरात माझी नोंद ‘उदास’ अशी आहे. सुरू झाल्याच्या तारखेसकट, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट आणि तीन डॉक्टरांच्या शिक्क्यासकट. वास्तविक मी चारचौघांसारखा माणूस आहे. बस चुकली की चिडतो, मिळाली तर बसायला जागा नाही म्हणून चिडतो, आणि जागा मिळाली तर शेजारचा ऐसपैस बसलाय म्हणून चिडतो. याला कोणी उदासी म्हणत नाही. तरीसुद्धा ही नोंद माझ्या नावावर पडली, आणि ती पडावी म्हणून मी स्वतः फॉर्म भरला. तीन प्रतींत.

सुरुवात झाली ती भाजीत नसलेल्या मिठापासून. हिवाळा नुकताच लागला होता. सकाळी दहापर्यंत धुकं, सहाच्या आत अंधार, आणि मधल्या वेळात सूर्य आमच्या साहेबांसारखा हजेरीपुरता येऊन जायचा. अशाच एका संध्याकाळी जेवताना मी पहिला घास घेतला आणि लक्षात आलं, बायको भाजीत मीठ घालायला विसरलीय. मी बोललो नाही. आमच्या घरात ते काम ताईचं. मी आणि बायको माना खाली घालून वाट बघत बसलो. ताईने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, ताटातलं सगळं संपवलं, ताट उचलून ठेवलं आणि खोलीत निघून गेली.

बायकोने भाजी चाखली आणि तिचे डोळे भरून आले.

“अहो, ताई काहीच बोलल्या नाहीत!”

आमच्या ताईला जे ओळखत नाहीत त्यांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं तिने मोटार शिकवण्याच्या शाळेत बायकांना गाडी शिकवली. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या तिच्या हाताखालून गेलेल्या बायका चालवतात आणि आजही वळणावर ताई दिसली की आपोआप दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतात. सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली आणि घरातही शिकाऊ चालकाच्या शेजारी बसल्यासारखीच वागू लागली. दूध उतू जायच्या आधी हॉलमधून ओरडायची, “ब्रेक!” मी बायकोशी वाद घालायला तोंड उघडलं की म्हणायची, “आधी मागे बघ, मग वळ.” मी तिच्यावर वैतागायचो, बायको तिच्यावर वैतागायची, आणि या एका मुद्द्यावर आमचा संसार सुखाचा चालला होता. मग पावसाळा संपता संपता तिचे डोळे तपासले गेले आणि गाडी चालवण्याचा परवाना पुन्हा मिळाला नाही, शाळेतलं कामही सुटलं. तेव्हा ती नुसतं “बरं” म्हणाली होती. आम्हाला वाटलं, चला, समजूतदारपणे घेतलं. समजूतदारपणा हे ताईच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे, हे आम्हाला कळायला हवं होतं.

त्यानंतर लक्ष ठेवलं तर सगळंच दिसू लागलं. ती अकरापर्यंत पांघरुणातून बाहेर येत नव्हती. आली की खिडकीशी खुर्ची टाकून धुक्याकडे बघत बसायची. एकदा मी तिच्यासमोर मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. तिने तो उचलून वाळत घातला, एका शब्दाने बोलली नाही. 

आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“हिवाळ्यात होतं असं काही जणांना,” त्या म्हणाल्या. “ऊन कमी, हालचाल कमी, माणसं कमी. सकाळच्या उजेडात रोज चालायला न्या, गरम, ताजं खायला द्या, चार माणसांत मिसळू द्या. हाताला काम द्या. आणि हे हसण्यावारी नेऊ नका. फरक पडला नाही तर घेऊन या, पुढचं बघू.”

हे सगळं ताईला सांगायचं कोणी? मी सांगितलं. “मला काय धाड भरलीय?” असं ती ओरडली असती तर मी पेढे वाटले असते. पण ती म्हणाली, “थंडी आहे रे. पडून राहते. तुम्ही जा.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा बायकोच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. पुढे जे काही झालं त्यानंतर तिने हे कधी कबूल केलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. ती म्हणाली, “ताई स्वतःसाठी काही करायच्या नाहीत. पण तुमच्यासाठी जन्मभर करत आल्यात. तुम्ही आजारी पडा.”

“मी?”

“तुम्ही उदास व्हा. तसंही वर्षभर कुरकुरत असता, कोणाला संशय यायचा नाही.”

हा टोला मी निमूटपणे गिळला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन मी बूट न काढता ताईसमोर बसलो आणि म्हणालो, “ताई, मला हल्ली उदास वाटतं.”

ताईने मान वळवली. महिन्यात पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघत होती.

“कुठे?” तिने विचारलं.

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. “छातीत,” मी म्हणालो. “म्हणजे तसं सगळीकडेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज सकाळी चालायला जा. पण एकट्याने जाववत नाही.”

ताईने मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “धुक्यात एकटा गेलास तर कुठल्यातरी ट्रकखाली येशील. साडेसहाला तयार राहा. आणि बूट काढ आधी!”

स्वयंपाकघरातून बायकोचा हुंदका ऐकू आला. यावेळी तो आनंदाचा होता.

हिवाळ्यात सकाळी साडेसहाला चालायला जाणं ही काय चीज आहे, हे रजईत लोळत आरोग्याचे लेख लिहिणाऱ्यांना विचारू नये. पहिल्या दिवशी मी दोन स्वेटर, कानटोपी आणि बायकोची शाल असा बाहेर पडलो. धुकं इतकं की कोपऱ्यावर उभ्या असलेल्या लालसर कपड्यातल्या गृहस्थांना मी अदबीने “काय, आज लवकर?” म्हणालो, आणि जवळ गेल्यावर ती टपालपेटी निघाली. मागून ताईच्या सूचना सुरू होत्या. “डावीकडून सायकल! अंतर ठेव! वळायच्या आधी बघ!” माझी मान दुखून आली. पण पाच मिनिटांनी तिचा आवाज जरा वर चढला, दहा मिनिटांनी आणखी वर, आणि बागेला फेरी मारून परत येईपर्यंत तिने मला दोनदा मूर्ख म्हटलं. मी स्वर्गात होतो.

फक्त एक गोष्ट आम्ही विचारात घेतली नव्हती. आमच्या इमारतीला जिना आहे आणि जिन्यात माणसं असतात. माझ्या उदासीची बातमी आठवडाभरात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणतात, ते सगळ्यांत आधी आले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळे असेल, पण माणसाला त्याच्यासाठी नसलेली गोष्ट सुद्धा हातात देऊनच जायची त्यांची पद्धत आहे.

“थंड पाण्याने आंघोळ,” ते म्हणाले. “पहाटे. डोक्यावरून.”

“या थंडीत?”

“थंडीतच! उन्हाळ्यात सगळेच करतात.”

मी ताईकडे आशेने बघितलं. ताई म्हणाली, “करून बघायला काय हरकत आहे?” झालं. आजारी माणसाला नाही म्हणायची सोय नसते. मी सलग तीन दिवस थंड पाण्याने आंघोळ केली. ताई बाहेरून दारावर थाप मारून विचारायची, “डोक्यावरून घेतलंस ना?” समोरच्या वहिनींनी रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या चावायला सांगितल्या. त्यामुळे मन कितपत हलकं झालं ते माहीत नाही, पण बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. तो एक फायदा मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

चालणं झालं, आता राहिलं गरम खाणं आणि हाताला काम. बायकोने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. “भोपळ्याचं सूप करा,” ती म्हणाली. “आलं, मिरी घालून. तुम्हाला जमणार नाही, मग ताई आपोआप येतील स्वयंपाकघरात.”

मी भोपळा आणायला गेलो. इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू आणि वजनं दरवर्षी आमच्याकडे तपासायला येतात. मी ती तपासतो आणि बरोबर असतील तर छोट्या हातोडीने त्यांवर त्या वर्षाचा ठसा मारतो. चोवीस वर्षं मी ठसे मारतोय. त्यामुळे मी दिसलो की कोपऱ्यावरचा भाजीवाला आधी तराजू पुसायला घेतो. मी म्हटलं, “एक लहानसा भोपळा द्या.” त्याने घाबरून दुकानातला सगळ्यात मोठा तराजूवर चढवला आणि म्हणाला, “बघा साहेब, काटा बरोबर आहे ना?” आता मला तसं कोणी विचारलं की राहवत नाही. मी तराजू सपाट आहे का बघितलं, काटा शून्यावर येतो का बघितलं, ठसा चालू वर्षाचा आहे का बघितलं, आणि वजन अचूक असल्याचा निर्वाळा दिला. नऊ किलो चारशे ग्रॅम. निर्वाळा देऊन भानावर आलो तोवर भोपळा माझ्या हातात होता.

तो छातीशी धरून मी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. दारापाशी किल्ली काढायला एक हात सोडला, आणि भोपळा सुटला.

नऊ किलोचा भोपळा जिन्यावरून उतरताना किती आवाज करतो, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. प्रत्येक पायरीवर धप्प, प्रत्येक वळणावर भिंतीला धडक. एकेक दार उघडत गेलं. आणि त्या सगळ्या गदारोळावर मात करून आमच्या दारातून एक आवाज आला, “ब्रेक! ब्रेक मार, गाढवा!”

ताई कठड्यावरून वाकून उभी होती. केस मोकळे, डोळे मोठे झालेले. भोपळ्याला ब्रेक कसा मारणार हे मी विचारलं नाही. भोपळा मास्तरांच्या दारावर आपटून फुटला आणि मास्तर “कोण आहे?” म्हणत बाहेर आले.

एवढ्या भोपळ्याचं करायचं काय? मास्तरांकडचं मोठं पातेलं आलं, वहिनींकडची विळी आली, आणि अर्धी इमारत आमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने भोपळा चिरायला बसली. पातेल्याकडे मला उभं केलं होतं, हाताला काम म्हणून. जो येईल तो माझ्या प्रकृतीची चौकशी करायचा आणि जाता जाता पातेल्यात आपला उपाय टाकायचा. वहिनींनी लसूण टाकला, मास्तरांनी मिरी टाकली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आलं टाकलं आणि आपण टाकलं हे विसरून पुन्हा टाकलं. शेवटी ताईने एक चमचा तोंडात घातला.  ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कपाळावर घाम आला.

“हे कोणी केलं?” ती म्हणाली.

“मी,” मी म्हणालो.

“मीठ कुठाय?”

बायकोने माझा हात घट्ट दाबला. त्या दिवशी इमारतीतला प्रत्येक माणूस खिडक्या उघड्या टाकून, स्वेटर काढून बसला होता. ताई सगळ्यांना वाढत होती, वाटी कशी धरावी ते शिकवत होती. मला वाटलं, जिंकलो. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सुखाची झाली असती.

पण थंड पाण्याची आंघोळ अंगाशी आली. मला सणसणीत सर्दी झाली, आणि सर्दी घेऊन मी कामावर गेलो. त्या दिवशी एका औषधविक्रेत्याची मिलिग्रॅमची वजनं माझ्यासमोर होती. ही वजनं म्हणजे नखाएवढ्या पातळ पत्र्या असतात. त्या चिमट्याने उचलायच्या, श्वास रोखून काचेच्या पेटीतल्या तराजूत ठेवायच्या. मी श्वास रोखला. तो फार वेळ रोखून राहिला नाही. शिंकेनंतर त्या पत्र्या कुठे गेल्या याचा शोध दोन शिपाई आणि तो औषधविक्रेता गुडघ्यांवर बसून दुपारपर्यंत घेत होते.

आता नुसती शिंक म्हणून हे निभावून गेलं असतं. पण माझा शेजारच्या टेबलवरचा सहकारी आमच्याच गल्लीत राहतो आणि त्याची बायको माझं सूप प्यायली होती. तो हळहळत साहेबांना म्हणाला, “त्यांचं मन थाऱ्यावर नाही हो. बरेच दिवस उदास आहेत. सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे केला. चोवीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मला खरंच रडू येईल असं वाटलं.

“अहो, बोलायचं नाही का मोकळेपणाने?” साहेब म्हणाले. “बाहेर दुकानदार कुजबुजतायत. त्यांचं म्हणणं, उदास माणसाने तपासलेला तराजू दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.”

माझ्या स्वाभिमानाला हा घाव वर्मी लागला. मी म्हणालो, “साहेब, मी ठणठणीत आहे!” आणि पुरावा म्हणून हसून दाखवलं. साहेबांनी काळजीने कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या आस्थापना शाखेच्या बाईंकडे बघितलं. या बाईंना सगळे नियम पाठ आहेत आणि नसलेलेही आठवतात. त्यांनी वहीत लिहिलं : “विनाकारण हसतात.”

पुढचे दोन दिवस मी आनंदी दिसायचा आटोकाट प्रयत्न केला. शीळ घालत जिना चढलो, तर लोकांनी वाट दिली. शिपायाला विनोद सांगितला, तर त्याने मला चहा आणून दिला आणि हातावर थोपटलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी नियम शोधून काढला. मन अस्वस्थ असलेल्या निरीक्षकाला ठसा मारण्याचा अधिकार नाही. त्याने वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हावं, आणि मंडळ म्हणेल ते मान्य करावं.

“आणि मुळात मी उदास नव्हतोच असं निघालं तर?” मी हळूच विचारलं.

“मग प्रश्नच नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त घरी येऊन चौकशी होईल, की मग सगळी गल्ली खोटं का बोलते. घरच्यांचे जबाब घेतले जातील.”

घरचे म्हणजे ताई. मी रस्ताभर विचार करत घरी आलो. खरं सांगितलं तर हातोडी वाचत होती. पण ताईला कळलं असतं की तिचा भाऊ नाटक करत होता आणि खरी आजारी तीच, तर ती शांतपणे “बरं” म्हणाली असती आणि पांघरुणात परत गेली असती. मग तिला बाहेर काढायला माझ्याकडे दुसरी युक्ती उरली नव्हती. मी फॉर्म भरायला घेतला.

फॉर्ममध्ये ‘सुरू झाल्याची तारीख व ठिकाण’ असा रकाना होता. मी भाजीत मीठ नसलेल्या दिवसाची तारीख टाकली. ठिकाण, जेवणाचं टेबल. खाली ‘उदास अवस्थेत प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या’ हव्या होत्या. त्यासाठी इमारतीत चढाओढ लागली. मास्तरांनी शपथेवर लिहून दिलं की त्यांनी मला गेल्या महिन्याच्या तेवीस तारखेला सकाळी पावणेआठला, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, उदास पाहिलं. वहिनींनी तर मी तीन वर्षांपासून तसाच दिसतो असं लिहिलं. मी हे वाचून खरोखर खट्टू झालो. शेवटचा रकाना होता, ‘सोबत येणारा जवळचा नातेवाईक’.

“मी येते,” ताई म्हणाली.

मंडळ सरकारी दवाखान्यात बसलं होतं. तीन डॉक्टर होते. एक दातांचे, एक हाडांचे, कारण त्या दिवशी तेच मोकळे होते, आणि मध्ये बसलेल्या वयस्कर बाई मनाच्या. दातांच्या डॉक्टरांनी मला आ करायला सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर टकटक केली आणि गुडघा उत्तम आहे असं लिहिलं. मी मनात एक चपखल भाषण जुळवून ठेवलं होतं : उदासी होती, पण चालण्याने आणि सुपाने पार गेली, हातोडी परत द्यावी. तोवर मधल्या बाईंनी ताईला विचारलं, “तुम्ही थोरल्या बहीण ना? तुम्ही सांगा. यांना नेमकं काय होतं?”

ताईने पदर सावरला. मग बोलायला लागली.

“पहाटे चारला जाग येते. म्हणजे, त्याला. मग झोप लागत नाही. छताकडे बघत पडून राहायचं. अंग दुखत नाही, ताप नाही. पण उठून करायचं काय, असं वाटतं. जन्मभर ज्या कामासाठी उठलो ते आता कोणी सांगणार नाही. याचं काम आहे तसं, पण... वाटतं त्याला.”

हाडांच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“घरचे वाईट नाहीत हो,” ताई म्हणाली. “उलट फार चांगले. आता कोणी भांडत नाही, सगळे जपून बोलतात. तेच लागतं. वाटतं, आपण नसलो तर यांना जरा मोकळं बोलता येईल.” ती थांबली. “त्याला वाटतं.”

मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. महिनाभर मी ज्या उदासीचं सोंग करत होतो ती मला काडीचीही कळली नव्हती. मला वाटलं होतं, चार फेऱ्या आणि एक भोपळा, काम झालं. आणि ही रोज साडेसहाला माझ्याबरोबर चालायला येण्यापूर्वी अडीच तास छताकडे बघत काढत होती.

“हे त्यांनी तुम्हाला बोलून दाखवलं?” मधल्या बाईंनी विचारलं.

“बोलायला कशाला हवं? सख्खा भाऊ आहे माझा.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “खरं आहे हे?”

माझं भाषण माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, “हो. शब्द न् शब्द खरा आहे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा ताईकडे बघितलं. मग ताईलाच म्हणाल्या, “आणि बरं कधी वाटतं? यांना?”

“सकाळी चालताना,” ताई पटकन म्हणाली. “तेव्हा कोणाकडे तरी लक्ष द्यावं लागतं ना. रस्ता क्रॉस करताना वगैरे.”

बाईंनी लिहायला घेतलं. मला वसंत ऋतू येईपर्यंत ठसा मारण्याच्या कामावरून दूर ठेवावं, जुन्या नोंदींच्या खोलीत बसवावं. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे बोलायला यावं. आणि शेवटी त्या म्हणाल्या, “पेशंटबरोबर नातेवाईकानेही दर वेळी आत बसून बोलायचं. आमच्याकडे नियमच आहे तसा.” दातांच्या डॉक्टरांनी आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं, त्यावरून मला वाटतं तो नियम तेव्हाच झाला होता.

आम्ही बाहेर पडलो. जुन्या नोंदींची खोली म्हणजे आमच्या खात्यात माणूस विसरून जाण्याची जागा. तिथे खिडकी नाही. माझी हातोडी आता शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याकडे जाणार होती, आणि तो तिने अक्रोड फोडणार याची मला खात्री होती. मला वाईट वाटत होतं, पण त्याबद्दल मला बोलायचं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताई थांबली. धुकं विरलं होतं आणि पातळसं ऊन पडलं होतं.

“फार बोलले का रे मी?” तिने विचारलं.

“नाही. माझं मला इतकं नीट सांगता आलं नसतं.”

तिने मान हलवली. मी पायऱ्यांकडे बघत म्हणालो, “फक्त एक राहिलं. पहाटे चारला जाग आली की काय करायचं, ते तू डॉक्टरांना विचारलंच नाहीस.”

“त्याला काय करणार? पडून राहायचं. साडेसहा वाजायची वाट बघायची.”

“मला उठव,” मी म्हणालो.

“तुला? चारला?” ताई हसली. “तू अंगावर धावून येशील.”

“येईन. शिव्या देईन. तरी उठव. मी जपून बोलणार नाही, तेही सांगून ठेवतो.”

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. “बस आली,” म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून उतरली. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. जेवताना एका शब्दाने बोलली नाही. बायकोने खुणेने काय झालं विचारलं, मी खुणेने नंतर सांगतो म्हटलं. अंथरुणात पडल्यावर मला वाटलं, आपण जास्त बोललो, ती आता कवाडं लावून घेईल, सकाळीही यायची नाही.

सव्वाचार वाजता आमच्या दारावर टकटक झाली. बाहेर मिट्ट काळोख होता, फरशी बर्फासारखी गार होती आणि माझं नाक चोंदलेलं होतं. “काय कटकट आहे!” मी जीव तोडून ओरडलो, आणि उठलो.